आज्जी कुठं बसणार? एका किशोर-कादंबरीच्या खर्ड्याचा प्रकरण अभ्यास

कोल्हापुरातल्या एका तरुण मुलीने लिहिलेली विज्ञान-कादंबरी माझ्याकडे संपादनासाठी आली. साडेतीनशेच्या आसपास पानं, भविष्यातलं जुलमी शहर, सतरा वर्षांची नायिका आणि प्रेम. त्या खर्ड्याचं पुढे काय झालं ते तिच्या परवानगीने इथे मांडतो आहे. तिचं नाव देत नाही. कादंबरीचंही देत नाही, कारण ते अजून दर आठवड्याला बदलतंय.

आला तो खर्डा

साल २१५०. काचेच्या घुमटाखाली ‘महानगर नऊ’. सोळाव्या वर्षी परीक्षा होते आणि स्वभावाप्रमाणे मुलांची पाच गटांत वाटणी होते. नायिका कुठल्याच गटात बसत नाही. एक मुलगा सत्ताधाऱ्यांच्या घरातला, दुसरा बंडखोर, आणि दोघांचाही तिच्यावर जीव. शेवटी घुमटाला तडा जातो, पाऊस आत येतो आणि सगळ्यात उंच मनोऱ्यावर चुंबन. इंग्रजीत गेल्या पंधरा-वीस वर्षांत या जातीच्या पुस्तकांची जी लाट येऊन गेली, ती ज्यांनी अंगावर घेतली आहे त्यांना पुढचं पान उलटायची गरज पडू नये. कोल्हापूर एकदाच येतं, ‘जुन्या शहराचे अवशेष’ म्हणून, अर्ध्या ओळीत.

तरीही हस्तलिखित परत पाठवलं नाही, त्याला कारण तीन पानांचं एक भांडण. शिधा घ्यायच्या रांगेत दोन बायका जागेवरून भांडतात. एकीने पिशवी ठेवून जागा धरली आहे आणि दुसरी म्हणते, पिशवीला पोट नसतं. सगळा घुमट, सगळी यंत्रं, सगळे गणवेश एकीकडे आणि ही दोन माणसं एकीकडे. जिला हे लिहिता येतं तिला पुढचंही जमेल, असं वाटलं.

अडलं कुठे

अशा कादंबरीला मी दोन प्रश्न विचारतो. या सत्तेला नेमकी भीती कशाची आहे? आणि हे दोघं एकमेकांना भेटलेच नसते तर सत्तेचं काय बिघडलं असतं?

पहिल्याला खर्ड्यात उत्तरच नव्हतं. सत्ता वाईट होती कारण कादंबरीला वाईट सत्ता हवी होती. माणसांची पाच गटांत वाटणी करून कुणाला काय मिळतं, शिधा कुठून येतो, घुमटाखाली पाणी कोण आणतं, यातलं काहीच कळत नव्हतं. खऱ्या आयुष्यातला जाचक नियम बहुतेक वेळा कुणाच्या तरी भल्यासाठी सुरू झालेला असतो. कुणीतरी थकलेल्या, प्रामाणिक माणसाने तो लिहिलेला असतो, आणि पुढे तो लिहिणाऱ्यापेक्षा जास्त जगतो. इथे नियम करणारे सगळे खलनायक होते आणि काळे कोट घालत होते.

दुसऱ्या प्रश्नासाठी एक सोपा प्रयोग केला. प्रेमाची सगळी प्रकरणं काढून उरलेली कादंबरी ओळखीच्या एका वाचकाला दिली. त्याने ती सरळ वाचून संपवली, मधलं काही गेलंय असं त्याला जाणवलंही नाही. साठ-सत्तर पानं गेली आणि कथानकाला ओरखडा नाही. म्हणजे प्रेम वरून लावलेलं होतं.

माझं मत असं की या साहित्यप्रकारात प्रेम येतं ते वाचकांना गुंतवून ठेवायला, हे अर्धंच खरं. सतरा वर्षांच्या मुलाने किंवा मुलीने घरच्यांना न विचारता घेतलेला पहिला मोठा निर्णय बहुधा ‘मला हा आवडतो’, ‘मला ही आवडते’ हाच असतो. जी सत्ता सगळंच ठरवून देते, तिची आणि त्या पोराची पहिली धडक तिथेच होणार. त्यामुळे सत्तेचा जो मूळ नियम, नेमका तोच या प्रेमाने मोडला पाहिजे. दुसरा कुठला तरी नियम मोडून चालत नाही.

समोर होते ते रस्ते

प्रेम काढून टाकून निव्वळ राजकीय विज्ञानकथा करायची, हा एक. हे तिला सांगितल्यावर ती म्हणाली, “मग मी लिहितो कशाला?” (कोल्हापूरबाहेरच्यांनी दचकू नये, इथल्या मुली स्वतःबद्दल असंच बोलतात. पुढे याचा कादंबरीलाच उपयोग झाला.) भविष्य काढून टाकून पुरात घडणारी साधी प्रेमकथा करायची, हा दुसरा. तो तिने ऐकूनही घेतला नाही. उरला तिसरा, सगळ्यात कष्टाचा: पात्रं ठेवायची, भांडण ठेवायचं आणि जग पायापासून नव्याने बांधायचं.

त्यासाठी तिला एकच काम दिलं. भविष्य थोडा वेळ विसर आणि आपल्या जिल्ह्यात आज असलेल्या नियमांतले असे नियम शोध, जे शंभर टक्के शहाणपणाचे आहेत आणि पन्नास वर्षं ताणले तर भयानक होतील.

ती आली ती पूररेषा घेऊन.

निळी आणि लाल

नदीकाठच्या शहरांच्या नकाशांवर दोन रेषा असतात. साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोचतो ती निळी, शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणारा पूर जिथवर पोचेल ती लाल. नदी आणि निळी रेषा यांच्यामधला पट्टा निषिद्ध, निळी ते लाल हा नियंत्रित, लालच्या वर मोकळीक. बांधकामासाठी केलेला हा नियम अगदी योग्य आहे. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिलेल्या कोल्हापुरात त्याविरुद्ध कुणी बोलू नये.

आता हाच नियम जमिनीऐवजी माणसाला लावा. ‘तू निळ्यातला, ती माथ्यावरची.’ पाच गट, स्वभाव-परीक्षा, काचेचा घुमट सगळं एका फटक्यात निकालात निघालं. नकाशा तयारच होता आणि वाचकाला तो पाठ होता. पंचगंगा चढू लागली की शहरातला प्रत्येक माणूस राजाराम बंधाऱ्याची पातळी फोनवर बघतो. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली जाऊन शहर तुटलं. २०२१ मध्ये ते ५६ फूट ओलांडून गेलं. त्यामुळे प्रकरणांना नावं न देता तिने वर फक्त पातळी लिहायची ठरवली: ‘३८ फूट ४ इंच’, ‘४१ फूट’, ‘४३ फूट’. बाहेरच्या वाचकाला ते आकडे वाटतील. इथल्या वाचकाच्या पोटात गोळा येईल.

साल २१५० वरून २०७१ वर आणलं. पुढच्या शतकात नेलं की काहीही खपतं, म्हणून लेखकाला काहीच सिद्ध करावं लागत नाही. २०७१ मध्ये आजची कॉलेजातली पोरं सत्तरीला टेकलेली असतील. कादंबरीतली आजी म्हणजे आजची वाचक. हा हिशेब तिला स्वतःलाच सुचला, आणि पुढचं सगळं त्यावर उभं राहिलं.

मग सत्तेची भीती सापडली: निवाऱ्याच्या जागा. कादंबरीतल्या जगात पूर दरवर्षी येतो आणि माथ्यावरच्या पक्क्या निवाऱ्यात जागा मोजक्याच आहेत. पूर्वी कधीतरी एका पुरात ओळखीपाळखीच्या लोकांसाठी बोटी अर्ध्या रिकाम्या निघून गेल्या आणि माणसं मागे राहिली. ते परत होऊ नये म्हणून एका अधिकारी बाईने यादी केली. ओळख चालणार नाही, यादीत नाव असेल तोच बसेल. प्रामाणिक माणसाने केलेला प्रामाणिक नियम, आणि तो लिहिणारी बाई पुस्तकात कुठेही दुष्ट नाही.

नोटीस

यादीत प्रेम कसं अडकवायचं यावर बरेच दिवस गेले. तिचा पहिला विचार सरळ होता: पट्टा ओलांडून लग्नाला बंदी. मला ते दोन कारणांनी नको होतं. बंदी म्हटलं की पुन्हा काळे कोट आले. आणि पात्रं सतरा-अठराची आहेत. आज कायद्याने लग्नाला मुलीला अठरा आणि मुलाला एकवीस पूर्ण लागतात. किशोरांच्या कादंबरीत लग्नाची घाई हा स्वातंत्र्याचा मार्ग म्हणून दाखवायला माझा हात वळेना.

इथे दोन खऱ्या कायद्यांनी मदत केली. शाहू महाराजांनी १९१९ मध्ये करवीर संस्थानात आंतरजातीय विवाहाला कायद्याची मान्यता दिली. तो आम्ही शाळेपासून अभिमानाने सांगतो. दुसरा आहे १९५४ चा विशेष विवाह कायदा. त्याखाली लग्न करायचं तर आधी नोटीस द्यावी लागते, ती विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात लावली जाते आणि तीस दिवसांत कुणीही हरकत घेऊ शकतो. हरकत कायद्यातल्या अटींवरच घेता येते, हे खरं. पण नावं-पत्ते भिंतीवर लागतात तेव्हा वाचणारे अटी वाचत नाहीत. घरच्यांपासून लपून लग्न करणाऱ्या जोडप्याला हे तीस दिवस काय असतात, हे वेगळं सांगायला नको.

तिने नोटीस घेतली आणि लग्न सोडून दिलं. नवा नियम असा: अठरा पूर्ण झाल्यावर माथ्यावरच्या प्रत्येकाला आयुष्यात एकदा एक नाव लिहिता येतं. त्याला ‘सोबत-नोंद’ म्हणतात. ज्याचं नाव लिहाल त्याला तुमच्या पट्ट्याच्या निवाऱ्यात जागा. नाव आपल्याच पट्ट्यातलं असेल तर लगेच शिक्का. खालच्या पट्ट्यातलं असेल तर वॉर्डाच्या फलकावर तीस दिवस नोटीस, आणि वॉर्डातला कुणीही हरकत घेऊ शकतो. बंदी कुठेच नाही. पट्ट्याबाहेरचं नाव कुणी लिहिणारच नाही, या गृहीतावर सगळ्या जागांचं गणित बसवलेलं आहे.

आता वरचा दुसरा प्रश्न परत विचारू. हे दोघं भेटले नसते तर? गणित टिकलं असतं. भेटले म्हणून यादीत एक जागा हलली, आणि एक हलली की पुढची हलवता येते हे लोकांना दिसलं. शिवाय तीस दिवसांचं घड्याळ आयतं मिळालं: नोटीस जुलैच्या मध्यावर लागते आणि मुदत ऑगस्टच्या मध्यावर संपते. कोल्हापुरात याच काळात पंचगंगा काय करते ते सांगत बसावं लागत नाही.

घर

पहिल्या खर्ड्यात नायिकेचे आईवडील चौथ्या पानावर मेले होते. परदेशी नमुन्यात ही सोय असते, पोरं एकटी पडली की साहसाला मोकळी होतात. मराठी घरात सतरा वर्षांची मुलगी एवढी मोकळी कधी असते? वरच्या मजल्यावरची काकू गॅलरीतून बघते, गल्लीच्या तोंडाशी मंडळाची पोरं बसलेली असतात, आणि आपण कुणाशी बोललो ते आपण घरी पोचायच्या आत घरी पोचलेलं असतं. घुमटावरच्या शंभर कॅमेऱ्यांपेक्षा ही पाळत कडक आहे आणि तिला वीज लागत नाही.

म्हणून घर परत आणलं आणि प्रकरण खरं तर तिथे पेटलं. कादंबरीतल्या नियमाप्रमाणे पासष्टीनंतर माणसाची स्वतःची जागा जाते. त्याला कुणाच्या तरी सोबत-नोंदीवर बसावं लागतं. वडिलांनी आपली नोंद आईसाठी वापरली आहे, कारण ती लग्न होऊन मधल्या पट्ट्यातून आली. आईने धाकट्या आजारी भावासाठी. नायिका अठराची होतेय आणि घरात न बोलता ठरलेलं आहे की तिच्या नोंदीवर आजीचं नाव येणार. आजीने तिला वाढवलंय. आणि तिला लिहायचं आहे बापट कॅम्पातल्या एका कुंभाराच्या मुलाचं नाव.

बापट कॅम्प निवडण्याला कारण आहे. गणेशमूर्ती करणाऱ्या कुंभारांची ही वस्ती. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी आलं ते गणपतीच्या आधीच्या दिवसांत, मूर्ती तयार होत असताना. पुराच्या बातम्यांत घरं, दुकानं, ऊस येतो. पाण्यात विरघळलेल्या महिन्यांच्या कामाबद्दल मात्र एखादीच ओळ असते. मुलगा तिथला असल्यामुळे त्याला बंडखोर करायची गरज पडली नाही. त्याच्या हाताला मातीचा वास आहे आणि दर वर्षी मूर्ती किती उंचीवर ठेवायच्या याचा निर्णय त्याला घ्यावा लागतो. नायिका बंधाऱ्यावर पातळी-वाचक म्हणून उमेदवारी करते आणि त्याच्या भिंतीवर यंदाची अपेक्षित पातळी रंगाने मारायला येते. भेट एवढीच. तिने मारलेली खूण तो रात्री मोजतो आणि सकाळी सांगतो की चार बोटं खाली मारलीयस. मनोऱ्यावरचं चुंबन गेलं. त्याच्याबद्दल कुणाचीही तक्रार आली नाही.

दोन मुलांचा त्रिकोण मात्र ती सोडायला तयार नव्हती. बरीच हुज्जत झाली आणि त्यातून जे निघालं ते मला या सगळ्या कामातलं सर्वांत चांगलं वाटतं. दुसरा मुलगा झाला नायिकेचा आतेभाऊ. मामाच्या मुलीवर पहिला हक्क, ही आपल्याकडची जुनी समजूत. ती कुणी उघड बोलत नाही, पण दोन्ही घरांत ती हवेत असते. नोटिशीवर हरकत घेतो तो हाच. वाचक म्हणतो, जळला. पण हरकतीच्या अर्जात त्याने एकच वाक्य लिहिलंय: आज्जी कुठं बसणार? तिच्या वडिलांची आई ती त्याच्या आईचीही आई. त्याची स्वतःची नोंद त्याने आपल्या आईसाठी वापरून टाकली आहे. आजीला वाचवायचा त्याच्याकडे दुसरा मार्गच नाही. त्याचं प्रेम आहे की नाही हे कादंबरी शेवटपर्यंत सांगत नाही, आणि त्याची हरकत बरोबर आहे. ज्याची बाजू खोडता येत नाही असा प्रतिस्पर्धी मिळाल्यावर नायिकेचा निर्णय पहिल्यांदाच जड झाला.

पाण्याचं विज्ञान

या भागात आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवला, आणि इथे मी कुणालाही सूट देत नाही. विज्ञान-कादंबरी म्हटल्यावर निदान आपल्या नदीचं गणित चुकू नये.

दुसऱ्या खर्ड्यात सत्तेकडे ‘भाकीत’ नावाची संगणकप्रणाली आली. ती पाऊस, धरणं, नद्या सगळं बघते आणि कोणती गल्ली कधी रिकामी करायची ते ठरवते. घबराट होऊ नये म्हणून लोकांना दाखवायची पातळी मात्र ती दोन फूट कमी दाखवते. नायिका बंधाऱ्यावर स्वतः पातळी वाचते, म्हणून तिला फरक कळतो. इथपर्यंत ठीक. पुढे लेखिकेने राधानगरी धरण फोडलं.

मी थांबवलं. भोगावतीवरच्या या धरणाचं काम शाहू महाराजांनी सुरू केलं. त्याचे सात स्वयंचलित दरवाजे ही अशी गोष्ट आहे की कादंबरीकाराने धरण फोडून ती वाया घालवू नये. पाणी ठरावीक पातळीला पोचलं की ते दरवाजे पाण्याच्याच दाबाने आपोआप उघडतात आणि पाणी उतरलं की मिटतात. कुणाच्या आदेशाची, बटणाची वाट बघत नाहीत. एक दरवाजा उघडला की १४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट पाणी. साताचे मिळून जवळपास दहा हजार. ज्या जगात प्रत्येक आकडा सत्तेच्या हातात आहे, तिथे सत्तेचं न ऐकणारं यंत्र एकच, आणि तेही १८७४ मध्ये जन्मलेल्या माणसाने कल्पना केलेलं धरण. ‘भाकीत’ सांगतंय की धरण अजून भरलेलं नाही, आणि राधानगरीकडून आलेला एक दूधवाला सांगतोय की तिसरा दरवाजा उघडलाय. दोघांपैकी एक खोटं बोलतोय, आणि दरवाज्याला खोटं बोलता येत नाही.

तरी एक दुरुस्ती राहिली. तिने सगळा पूर त्या सात दरवाज्यांतूनच आणला होता. पंचगंगा एकट्या भोगावतीची नाही. कासारी, कुंभी, तुळशी यांचं पाणी तिच्यात येतं, आणि धरणाखालच्या मोकळ्या पाणलोटात कोसळणारा पाऊस कुठल्याच दरवाज्याला विचारत नाही. खाली नरसोबाच्या वाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते, तिथे कृष्णा तुंबलेली असेल तर पंचगंगेला उतरायला जागा राहत नाही. दरवाजे हा पुरावा आहे, कारण म्हणून ते एकटे पुरत नाहीत. हे एकदा कळल्यावर नायिकेचं प्रकरण सुधारलं. ती वहीत बेरीज करते, तिची बेरीज नदीशी जुळत नाही, उरलेलं पाणी कुठून येतंय ते ती शोधते आणि मग तिला घाटमाथ्यावरच्या गगनबावड्याचा पाऊस आठवतो. कर्नाटकातल्या, कृष्णेवरच्या अलमट्टी धरणामुळे आपल्याकडे पाणी तुंबतं की नाही, हा वाद तिने एका संवादात आणला होता. तो मी काढायला लावला, कारण त्या एका नावावर आपल्याकडे वाचक कादंबरी बाजूला ठेवून वाद घालत बसतील.

किरणोत्सवाचं प्रकरणही गेलं. अंबाबाईच्या देवळात मावळत्या सूर्याचे किरण मूर्तीपर्यंत पोचतात, गर्दीत त्या दोघांचे हात लागतात, असं सुंदर प्रकरण होतं. पण किरणोत्सव येतो नोव्हेंबरात आणि जानेवारीअखेर-फेब्रुवारीच्या सुरुवातीला, आणि आमची सगळी गोष्ट जुलै-ऑगस्टच्या तीस दिवसांत. ती रडवेली झाली. मलाही वाईट वाटलं, पण सूर्य तारखा बदलत नाही.

बोलणं

आधीच्या खर्ड्यात सगळे पुस्तकी बोलत होते: “तू या व्यवस्थेचा एक भाग आहेस, आर्यन. मी तुझ्यावर विश्वास कसा ठेवू?” नव्या खर्ड्यात नोंदणीच्या खिडकीबाहेर दोघं उभे आहेत:

“तुझं नाव दिलंय मी. आता गप बस.”
“आन् आज्जी?”
“आज्जीचं मी बघतो की.”
“बघतो म्हंजे काय करणार हाईस?”
“ते म्हाईत नाही अजून.”

या बोलीतून एक खास विज्ञानकथेची युक्ती निघाली, आणि ती पूर्णपणे लेखिकेची. रस्त्यावरचे खांब बोलणं ऐकतात आणि कोण बोललं ते नोंदवतात. प्रणाली शिकली आहे ती प्रमाण मराठीवर. ‘मी बघतो’, ‘मी जातो’ ऐकलं की ती बोलणारा पुरुष धरते. त्यामुळे नायिकेची सगळी संभाषणं कुठल्यातरी भलत्याच मुलाच्या नावे जमा होत जातात. चौकशीला बोलावतात तेव्हा तिची फाईल कोरी, आणि अस्तित्वात नसलेल्या एका तरुणावर पकड वॉरंट. वाचनात यावर सगळे हसले. तिने मग ती युक्ती आणखी चार ठिकाणी वापरली. तिथे मी हट्टाने तीन काढायला लावल्या. सत्ता पुन्हा पुन्हा मूर्ख ठरली की तिची भीती राहत नाही.

वाचकांपुढे

अकरावी-बारावीच्या काही मुलामुलींना दुसरा खर्डा वाचायला दिला. सुरुवातीचा ‘जग असं का झालं’ सांगणारा आठ पानांचा भाग जवळपास कुणीच वाचला नव्हता. तो काढला, आणि त्याची कुणालाही उणीव भासली नाही. प्रेमाची प्रकरणं फार थोडी आहेत असं मुलांचं म्हणणं, मुलींचं नाही. ही गोष्ट प्रकाशकांनी लक्षात घ्यावी अशी आहे. आतेभाऊ सगळ्यांना हवा होता, त्याच्या नावाने स्वतंत्र पुस्तक काढा इथवर.

राग मात्र शेवटाचा आला. दुसऱ्या खर्ड्यात आजी रात्री गुपचूप निघून जाते, नातीसाठी जागा मोकळी करते. मला हा शेवट मुळातच मान्य नव्हता. म्हाताऱ्या बाईने त्याग केला की बाकीच्यांचे प्रश्न सुटतात, हे मराठी कथेने फार वेळा करून झालंय. पोरांना वेगळ्या कारणाने पटला नाही. एक मुलगी सरळ म्हणाली की आजीला कुणी विचारलंच नाही.

त्या वाक्यावरून तिसरा खर्डा सुरू झाला. नोटिशीच्या मागच्या बाजूला नियम छापलेले असतात. आजीला दिसत नाही म्हणून नायिका ते मोठ्याने वाचून दाखवते आणि वाचता वाचता तिला जाणवतं की पासष्टीनंतर जागा जाते असं लिहिलंय, पण नाव लिहायचा हक्क जातो असं कुठेच लिहिलेलं नाही. म्हाताऱ्यांना बसायला जागा नाही, पण दुसऱ्याला बसवता येतं. आजीने आपली नोंद कधी वापरलीच नव्हती. गल्लीतल्या कुठल्याच म्हातारीने वापरली नव्हती, कारण त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मग काळ्या कोटांविरुद्धचं बंड, गुप्त संघटना, भुयारं सगळं गेलं. त्याजागी नोंदणीच्या खिडकीपुढे म्हाताऱ्यांची रांग आली, आणि पहिल्या खर्ड्यातलं ते पिशवीचं भांडण शब्दन् शब्द तसंच तिथे जाऊन बसलं.

आजी लिहिते ते नाव नातीच्या मित्राचं नसतं. तिची एक बालमैत्रीण आहे निळ्या पट्ट्यात, पट्टे झाल्यापासून दोघींची भेट नाही. आजी तिचं नाव लिहिते. नायिकेचा प्रश्न जसाच्या तसा उरतो: तिने मुलाचं नाव दिलंय, आजीला अजून जागा नाही. तो सोडवतो आतेभावाच्या आईचा, म्हणजे आत्याचा निर्णय, आणि तो इथे सांगत नाही.

आता कुठे आहे

एक वाद मिटलेला नाही. तिला शेवटी उघड करायचंय की निवाऱ्यात जागा मुळातच कमी नव्हत्या, वरच्यांनी राखून ठेवल्या होत्या. माझं म्हणणं, मग आजी की तो, हा निर्णय फुकट जातो, कारण निवडायची वेळच नव्हती. तिचं म्हणणं, खऱ्या आयुष्यातही असंच असतं, निवड करून झाल्यावर कळतं. सध्या तडजोड अशी आहे की रिकाम्या खोल्यांचा शोध निर्णयानंतर, ५१ फुटांच्या प्रकरणात लागतो. निर्णय घेताना तिला टंचाई खरीच वाटत असते, वाचकालाही. मला अजून पूर्ण पटलेलं नाही. पुस्तक तिचं आहे.

एका प्रकाशकाने वाचून विचारलं की ही मुलांच्या कपाटात ठेवायची की मोठ्यांच्या. प्रेम थोडं कमी केलं तर शाळांच्या ग्रंथालयांत जाईल, असंही सुचवलं. मराठीत चौदाव्या वर्षी कुमार वाङ्मय संपतं आणि पुढचं कपाट एकदम मोठ्यांचं असतं. मधल्या पाच-सहा वर्षांतली पोरं इंग्रजी वाचतात किंवा वाचत नाहीत, हे त्यांनाही माहीत आहे. तिने कळवलंय की प्रेम काढलं तर नोटीस निघेल, नोटीस निघाली तर तीस दिवस जातील आणि मग नुसता पूर उरेल. दुसऱ्या एका प्रकाशकाकडे तिसरा खर्डा गेलाय. त्यांची एकच सूचना आली आहे, आजीच्या मैत्रिणीचं प्रकरण वाढवा. ती त्यावर काम करतेय.